मशीनची घटस्थापना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा, म्हणजे सांगताना मला अडथळा नको. हा किस्सा मी ज्याला ज्याला सांगितला, त्यानं अर्ध्यातच "अरे, पण तुला एवढंही कळलं नाही?" असं विचारून माझा पार कचरा केला आहे. नाही कळलं! कळलं असतं तर किस्सा कुठून झाला असता? चहा येऊ द्या, सांगतो.

थोडक्यात सांगायचं तर मी एकदा एका मशीनला पितृपक्षातून उचललं आणि थेट नवरात्रात नेऊन ठेवलं. आणि त्यापायी आमच्या मालकांचं, नानाजींचं नाव एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या यादीतून उडायची वेळ आणली.

आता सविस्तर ऐका.

लोकांच्या खिशात मोबाइल नुकते दिसायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. नागपूरला दीड वर्षाचा कॉम्प्युटरचा कोर्स करून मी बालाघाटला परतलो होतो आणि नानाजींच्या मँगनीजच्या फर्ममध्ये चिकटलो होतो. भरवेली रोडवर आवार होतं. खाणींचा माल घ्यायचा, फोडायचा, चाळायचा आणि ट्रक भरून छत्तीसगडातल्या कारखान्यांना पाठवायचा, हा धंदा. मी तिथला कॉम्प्युटरवाला. सगळे मला "मास्तर" म्हणायचे. चोवीस वर्षांच्या पोराला मास्तर म्हटल्यावर त्याचं डोकं ठिकाणावर राहील का? तुम्हीच सांगा!

नानाजी म्हणजे साठीचे गृहस्थ. आवाज मोठा, राग त्याहून मोठा, पण पाच मिनिटांत "जेवला का रे?" विचारणारे. त्यांना नवीन गोष्टींचा भारी सोस. शहरात कोणाकडे नव्हता तेव्हा त्यांनी ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर बसवला होता. ऑफिसात त्याला "मोठी मशीन" म्हणत. नानीजींनी फुलाफुलांच्या पडद्याच्या कापडातून तिच्यासाठी खोळ शिवून दिली होती आणि कपाळावर, म्हणजे कॅबिनेटवर, मागच्या दसऱ्याचं हळदकुंकू होतं. फर्मची सगळी ईमेलं तिच्यातून जायची-यायची. ऑफिसातल्या बाकीच्या मशिनीही तारीख आणि वेळ तिच्याकडूनच घ्यायची. ही माझीच करामत होती, आणि तिचा मला अभिमान होता.

तिसरे, मेश्राम बाबू. हेडक्लार्क. तीस वर्षांची नोकरी, नाकाच्या टोकावर चष्मा, आणि दिवसभरात मोजून दहा वाक्यं. पण त्या दहातलं एकही वाया जायचं नाही. माझी दिवसाला हजार व्हायची, त्यातली किती कामाची, ते पुढे येईलच.

माझ्यात खोट एकच होती. वेळ! ऑफिस दहाचं, मी पोहोचणार पावणेअकराला. कोर्सच्या परीक्षेलाही मी अर्धा तास उशिरा गेलो होतो. रोज मी आलो की नानाजी आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे, मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळ. बोलायचे काही नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर एक दिवस छत्तीसगडातल्या एका मोठ्या कारखान्याचं पत्र आलं. आमचा निम्मा माल याच कारखान्याला जायचा. पत्रात म्हटलं होतं की यापुढे माल देणाऱ्यांशी पत्रव्यवहार फक्त सुरक्षित ईमेलवर होईल. प्रत्येकानं आपल्या मेल सर्व्हरवर सिक्युरिटी सर्टिफिकेट लावावं, त्याची प्रत आम्हाला पाठवावी. आमची मशीन तुमच्या मशीनला एक चाचणीचं पत्र पाठवेल. ते पोहोचलं, तर तुम्ही यादीत. अमुक शनिवारी दुपारी चारपर्यंत हे झालं नाही, तर वर्षभर यादीबाहेर.

यादीबाहेर म्हणजे निम्मं आवार बंद. माल फोडणाऱ्या बायका, चाळणारे गडी, ट्रकवाले, सगळ्यांवर निम्मे दिवस घरी बसायची पाळी.

हे सर्टिफिकेट म्हणजे काय, ते सांगून टाकतो, नाहीतर पुढे मजा नाही. साधं ईमेल म्हणजे पोस्टकार्ड. वाटेत कोणीही वाचा. सर्टिफिकेट लावलं की पत्र बंद पाकिटात जातं, आणि पलीकडच्या मशीनला खात्री पटते की आपण बोलतोय ते नानाजींच्याच मशीनशी, कोण्या भामट्याच्या नाही. कारखान्याला महागडं विकतचं नको होतं, आपल्या मशीनवर आपणच बनवलेलं चालणार होतं. त्यात दोन तारखा असतात. कधीपासून चालेल आणि कधीपर्यंत चालेल. या दोन तारखा जरा लक्षात ठेवा. मी त्याच विसरलो होतो.

पत्र वाचून मी छाती फुगवली.

"नानाजी, एकदम नवीन गोष्ट आहे. अख्ख्या बालाघाटात अजून कोनाकडे नाही. आपल्याकडे पयली!"

"हौ?" नानाजी खूश. "किती दिवस लागतीन?"

"दिवस? पाच मिनिटं, नानाजी!"

"मंग करून टाक आजच."

"आज नको जी. पाच मिनिटांचंच काम आहे, कधीबी होते."

झालं! पाच मिनिटांच्या कामाची एक गंमत असते. ते कधीही होऊ शकतं, म्हणून कधीच होत नाही. गणपती बसले, गणपती उठले, तीन आठवडे गेले. एका गुरुवारी दुपारी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून तिवारीजींचा फोन आला. "भैया, सबका हो गया, आपका नहीं आया. शनिवार चार बजे के बाद मेरे हाथ में कुछ नहीं है."

मी धावत नानाजींच्या टेबलाशी गेलो.

"नानाजी, आज ते सर्टिफिकेट लावून टाकतो."

"कोनतं?"

"तेच जी, मेलवालं. नवीन."

नानाजींनी वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मास्तर, पितरपाख लागला ना बापा! अन् तू आता नवीन वस्तू सुरू करून राह्यला?"

पितृपक्ष! हा पंधरवडा पितरांचा. नवं कापड घ्यायचं नाही, नवं वाहन घ्यायचं नाही, नवं काही सुरू करायचं नाही. आणि नानाजी याबाबतीत भलतेच कडक.

"तीन आठवडे काय करून राह्यलता?"

"ते... तयारी करून राह्यलतो."

"माह्या बापानं पितरपाखात धरमकाटा बसवलता या आवारात," नानाजींनी खिडकीतून त्या जुन्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं. "आज तीस वर्सं झाली. आजवर तो काटा खरं बोलला नाही! भरल्या ट्रकले खाली सांगते. नाही जी, पितरपाखात नवीन काही नाही होनार."

"पन नानाजी, शनिवारी यादी बंद होते!"

"मंग तीन आठवडे आधी काहून नाही केलं?"

मी बुटांकडे बघत उभा राहिलो. तेवढ्यात कोपऱ्यातून मेश्राम बाबूंचा शांत आवाज आला.

"मी लावतो की. आम्ही बौद्ध मानसं, आमच्यात पितरपाख नाही. काय दाबाचं तेवढं मले सांग."

बघा! किती सरळ तोडगा. नानाजींचा नेम मोडत नव्हता, काम होत होतं, प्रश्न मिटत होता. नानाजींनी मान हलवायला सुरुवातही केली होती. पण मास्तर कोण? मी! माझं काम, बालाघाटातलं पहिलं सर्टिफिकेट, ते दुसऱ्याच्या हातून लागणार?

"बाबू," मी म्हणालो, आणि आजही हे आठवलं की कान तापतात, "हे टाइप करण्याएवढं सोपं नाही. त्याले शिक्षण लागते."

मेश्राम बाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं. "बरं," म्हणाले आणि फाइलीत डोकं घातलं.

आता माझी इज्जत पणाला लागली. मी सर्व्हरसमोर जाऊन बसलो आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे बघत राहिलो. आणि अहाहा! काय सुचलं म्हणता! मी तसाच उठून नानाजींकडे गेलो.

"नानाजी, पितरपाख तुमाले आहे. मशीनले कुठं आहे?"

"म्हनजे?"

"मशीनले आपन सांगतो तीच तारीख खरी वाटते. मी तिची तारीख बारा दिवस पुढं करतो. तिच्या हिशोबानं आज घटस्थापना. घटस्थापनेले नवीन काम चालते ना?"

"घटस्थापनेले तं उत्तम!"

"मंग झालं तं."

नानाजी विचारात पडले. त्यांच्या कपाळावर इतक्या आठ्या मी कधी बघितल्या नव्हत्या. "म्हनजे तिच्या हिशोबानं घटस्थापना?"

"हौ."

"अन् माह्या हिशोबानं पितरपाख?"

"तुमचा पितरपाख तुमच्यापाशी, नानाजी. तिले त्याचं काय?"

आणि ते मानले! नुसते मानले नाहीत, उत्साहात आले. मशीनच्या घटस्थापनेसाठी नारळ मागवला. खोळ काढली, कॅबिनेटला ताजं हळदकुंकू लागलं, उदबत्ती लागली. मी तारीख बारा दिवस पुढे सरकवली आणि सर्टिफिकेट बनवायला बसलो. ते बनवताना मशीन प्रश्न विचारते. देश कोणता, राज्य कोणतं, गाव कोणतं, फर्मचं नाव काय. फर्मच्या नावाआधी नानाजींनी "श्री" लिहायला लावलं. मी शेवटचं बटण दाबलं, तिकडे नारळ फुटला. पाणी थोडं की-बोर्डवर उडालं, पण त्या मंगल क्षणी कोण लक्ष देतो?

पडद्यावर छोटंसं कुलूप उमटलं. लागलं सर्टिफिकेट! ऑफिसात टाळ्या झाल्या, पेढे आले. नानाजींनी स्वतःच्या हातानं मला पेढा भरवला. मी सर्टिफिकेटची प्रत तिवारीजींना रवाना केली आणि त्याच झपाट्यात फर्मच्या सगळ्या गिऱ्हाइकांना, स्नेह्यांना, खुद्द नानाजींना आणि त्या कारखान्यालाही एक परिपत्रक पाठवलं: 'कळविण्यास आनंद होतो की आजपासून आमचे ईमेल संपूर्ण सुरक्षित आहे.' खाली माझी सही, आणि सहीखाली 'कॉम्प्युटर प्रमुख'. विभागात माणूस एकच होता, त्यामुळे प्रमुखही तोच.

"आता तारीख वापस आनतो," म्हणून मी हात पुढे केला, तर नानाजींनी मनगटच धरलं.

"खबरदार! नवरात्रात गेलेल्या मशीनले वापस पितरपाखात आनतं? राहू दे तिले तिकडंच. बारा दिवसांत आपनच पोहोचतो तिच्यापाशी!"

आता बारा दिवसांत मशीन तिथंच आपली वाट बघत थांबणार नव्हती, तीही रोज एकेक दिवस पुढे जाणार होती. हे मला सांगायचं होतं, पण तोंडात पेढा होता. आणि खरं सांगू? चार दिवस तारीख पुढे असली तर कोणाचं काय बिघडतं, असंच मला वाटलं.

शुक्रवारी सकाळी कळायला लागलं.

पहिला फोन किरनापूरहून. नानाजींचे जुने स्नेही, राइस मिलवाले. सुदैवानं फोन मी उचलला.

"कावो, तुमच्या बालाघाटात नवरात्र बसलं काय?"

"नाही जी. काहून?"

"तुमचं पत्र आलं ना, घटस्थापनेच्या तारखेचं! आमच्या इकडं तं पितरं अजून जेवूनच राह्यले."

मी हसून वेळ मारून नेली. फोन ठेवतो तोच दुसरा. आमचा ट्रक ड्रायव्हर रामेश्वर, शहराबाहेरच्या नाक्यावरून.

"भैयाजी, नाकेवाले साहब बोल रहे हैं, ये गाड़ी अभी निकली ही नहीं है।"

"मग तू कुठं आहेस?"

"नाके पे।"

"अन् गाडी?"

"मेरे पीछे खड़ी है।"

"तर दाखव ना त्यांना गाडी!"

"दिखाई भैयाजी। बोले, गाड़ी तो दिख रही है, लेकिन कागज के हिसाब से नवरात्र में निकलेगी। तब तक मैं क्या करूँ? उपवास रखूँ?"

अरे देवा! मालाचा गेटपास ऑफिसच्या कॉम्प्युटरवर छापला जायचा, आणि तो कॉम्प्युटर तारीख कोणाला विचारायचा? मोठ्या मशीनला! मी मोटरसायकलला किक मारली, नाका गाठला, हातानं नवा पास लिहून दिला आणि नाकेवाल्यांना सांगितलं, मशीन बिघडलीय. ते म्हणाले, "बिगड़ी हुई मशीन पीछे चलती है, साहब। आगे चलने वाली पहली बार देखी।"

परत आलो तर मेश्राम बाबूंच्या समोर सकाळपासून छापलेले पास पडले होते. त्यांनी त्यातला एक बोटानं माझ्याकडे सरकवला.

"तारीख दुरुस्त करून घे ना."

"सगळं बरोबर आहे, बाबू. थोडी सेटिंग बाकी आहे."

"बरं," म्हणाले. आणि दौतीतून पेन भरून त्या दिवसाचे उरलेले पास स्वतः हातानं लिहायला बसले. नानाजींना त्यांनी एक शब्द सांगितला नाही. माणूस किती मोठा होता बघा! आणि मी त्याला सांगत होतो, याला शिक्षण लागतं.

शनिवार उजाडला. त्या दिवशी तरी मी वेळेवर जायचं होतं की नाही? पावणेअकरा. नानाजींनी घड्याळ पाहिलं. "आलं का कारखान्याचं पत्र?"

"येते जी. तिकडची लाइन हळू असंल."

अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. चाचणीचं पत्र काही येईना. नानाजी दर दहा मिनिटांनी दारातून डोकावत आणि मी की-बोर्डवर उगाच काहीतरी बडवत. खिडकीतून आवार दिसत होतं. जेवण आटोपून बायका पुन्हा माल फोडायला बसल्या होत्या. त्यांतली एक माझ्याकडे बघून ओळखीचं हसली आणि मला तोंड लपवावंसं वाटलं. अडीच वाजता मी दार लोटून तिवारीजींना फोन लावला.

"तिवारीजी, हमारा सर्टिफिकेट तो परसों ही भेज दिया था।"

"मिला ना भैया। हमारी मशीन सुबह से तीन बार कोशिश कर चुकी। हर बार बोलती है, इनका सर्टिफिकेट अभी चालू नहीं हुआ।"

"चालू नहीं हुआ मतलब?"

"मतलब अभी पैदा ही नहीं हुआ। दस दिन बाद होगा।"

माझ्या डोक्यात घंटा वाजली. कधीपासून चालेल! ती पहिली तारीख! मी मशीनला घटस्थापना सांगितली, मशीननं इमानदारीनं सर्टिफिकेटवर घटस्थापना लिहिली. आमची मशीन खूश, कारण तिच्या घरी घटस्थापना. बाकी सगळ्या जगात पितृपक्ष!

"और भैया," तिवारीजी पुढे बोलत होते, "आपका वो जो पत्र आया था ना, सुरक्षित ईमेल वाला, वो तो बाबू ने लेट वाली फाइल में डाल दिया।"

"लेट? आखरी तारीख तो आज है!"

"हाँ, लेकिन आपके पत्र पे तारीख उसके बहुत बाद की है।"

"अरे तिवारीजी, दस दिन बाद की चिट्ठी आपको आज मिल कैसे गई?"

तिवारीजी म्हणाले, "वो हमारे विभाग का मामला नहीं है।"

म्हणजे बघा! आयुष्यभर नुसता उशीर करणारा मी, त्या दिवशी एकाच कारखान्यात लवकरही पोहोचलो आणि उशिराही. आणि वेळेवर? वेळेवर तेवढा नाही!

मी फोन ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला आले होते. आता तारीख परत मागे आणायची आणि नवं सर्टिफिकेट बनवायचं, भर पितृपक्षात. म्हणजे नानाजींना सगळं सांगायचं. नोकरी गेली तर गेली, पण त्या आवारातल्या माणसांचं काय, हे मनातून जाईना.

मी गेलो आणि एका दमात सांगून टाकलं. घटस्थापना, परिपत्रक, नाका, तिवारीजी, सगळं. मेश्राम बाबू खाली मान घालून ऐकत होते. नानाजी ओरडतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. ते ओरडलेच नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

"म्हनजे," नानाजी सावकाश म्हणाले, "तू मशीनले खोटं सांगतलं, अन् मशीननं दुनियेले."

"हौ, नानाजी."

"आता मले एक सांग. हे सर्टिफिकेट म्हनजे आहे काय? सोप्यात सांग."

"आपल्या डाकेले कुलूप आहे जी. डाक तीच, मशीन तीच. फक्त कुलूप नव्हतं, ते लावायचं."

नानाजी खुर्चीतून उठलेच. "कुलूप? अरे, मंग नवीन काहून म्हनत होता तू? नवीन, नवीन, अख्ख्या बालाघाटात पयली! पितरपाखात दाराचं कुलूप तुटलं तं मानूस काय पंधरा दिवस दार उघडं टाकून झोपते? दुरुस्तीले पितरपाख कोन पाहते? पयल्याच दिवशी कुलूप म्हनला असता तं मीच म्हनलो असतो, लाव बापा!"

म्हणजे अडथळा पितृपक्षाचा नव्हताच! माझ्या फुशारकीचा होता. "दुरुस्ती" म्हटलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं, पण त्यात मास्तरची शान कुठं होती?

"लावतो जी आत्ता," म्हणून मी वळलो.

"तू नाही!" नानाजींनी हात आडवा केला. "तुह्या हातानं एकदा होऊन गेलं. मेश्राम बाबू, तुमी बसा. मास्तर, तू फक्त सांग."

मेश्राम बाबू उठले. चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, आणि आधी मशीनची तारीख आजची करून घेतली. नंतर भिंतीवरच्या कॅलेंडरशी ती ताडून पाहिली. मग म्हणाले, "हं, बोल."

मी एकेक अक्षर सांगायला लागलो आणि बघतच राहिलो. मी दोन बोटांनी टाइप करणारा माणूस. आणि हा गृहस्थ तीस वर्षं टाइपरायटरवर बसलेला! दहाही बोटं चालत होती, नजर की-बोर्डकडे नाही, एक अक्षर चुकलं नाही. माझं सांगून होतं न होतं तोच त्यांचं लिहून व्हायचं आणि ते माझ्याकडे बघत थांबायचे, पुढचं सांग म्हणून. देश, राज्य, बालाघाट. फर्मच्या नावाआधी न सांगता "श्री". शेवटचं बटण दाबलं. नारळ नाही, उदबत्ती नाही, चार मिनिटांत काम खलास.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, बाबू."

"यालेच शिक्षण लागत होतं ना?"

दहा वाक्यांतलं हे एक. त्यांनी ते दोन दिवस जपून ठेवलं होतं.

नवी प्रत तिवारीजींना गेली. आम्ही तिघं पडद्याकडे टक लावून बसलो. साडेतीन, पावणेचार. नानाजी पुटपुटत होते, बहुतेक पितरांनाच साकडं घालत होते. चाराला दहा कमी असताना पडद्यावर एक ओळ उमटली. चाचणीचं पत्र! पाठोपाठ फोन. "हो गया भैया, आपका नाम चढ़ गया। और हाँ, वो लेट वाला पत्र भी फाइल से निकाल दिया है। दस दिन बाद फिर से देख लेंगे।"

मी खुर्चीत कोसळलो. नानाजींनी पाठीवर असा धपाटा मारला की ती शाबासकी होती की शिक्षा, ते मला आजतागायत कळलेलं नाही. "जेवला का रे सकाळपासून?" ते म्हणाले. तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं. मी मेश्राम बाबूंकडे गेलो, हात जोडले. ते म्हणाले, "असू दे. सोमवारी वेळेवर ये."

झाला किस्सा? नाही हो. माझं ते परिपत्रक राहिलं ना! तारीख पुढची, त्यामुळे ते प्रत्येकाच्या डाकेत सगळ्यात वर जाऊन बसलं. नवी पत्रं यायची ती सगळी त्याच्या खाली. नानाजी रोज सकाळी डाक उघडायचे आणि आधी माझं नाव वाचायचे: 'कॉम्प्युटर प्रमुख'. पुसून टाकतो म्हटलं तर पुसू देईनात. "राहू दे. आपन पोहोचून राह्यलो तिच्यापाशी!"

आणि आली खरीखुरी घटस्थापना. ऑफिसात पूजा होती, सगळ्यांना साडेनऊला बोलावलं होतं. मी पोहोचलो सव्वादहाला. पूजा आटोपली होती. नोटीस बोर्डावर माझ्या परिपत्रकाचा कागद लावलेला, वर कुंकवाचं बोट, आणि समोर अख्खं आवार जमलेलं. माल फोडणाऱ्या बायका, रामेश्वर ड्रायव्हर, सगळे. मेश्राम बाबूंनी कॅलेंडर पाहिलं, कागदावरची तारीख पाहिली आणि जाहीर केलं, "आज बरोबर आहे."

नानाजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा घड्याळ. पण त्या दिवशी पहिल्यांदाच ते बोलले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले.

"पाहून घ्या रे या पोट्ट्याले. जिंदगीत एकच काम यानं वेळेच्या आधी केलं, अन् तेच आमाले परत करा लागलं!"